गरातच रंग असलेले द्राक्ष

महाळुंगे-चाकणच्या कारखान्यांना मागे टाकून पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे गेल्यावर नारायणगाव-जुन्नरचा द्राक्षपट्टा लागतो. तेथील काळ्या द्राक्षाचा मणी चिरडल्यास साल जांभळट-काळी, पण गर मात्र फिकट हिरवट निघतो. जगातील बहुतेक काळ्या द्राक्षांची हीच रीत आहे, आणि म्हणूनच फ्रान्सच्या शांपेन प्रांतात ‘पिनो न्वार’ या काळ्या वाणापासून पांढरी वाइनही करता येते, तर लाल वाइनसाठी रस आंबत असताना साली काही दिवस त्यात मुरू द्याव्या लागतात.

पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘पुसा नवरंग’ आणि ‘फ्लेम सीडलेस’ यांच्या संकरातून विकसित केलेला ‘मांजरी मेडिका’ हा वाण या रीतीला अपवाद ठरतो, कारण त्याचा गरही लाल असून पांढऱ्या कापडावर त्याच्या रसाचा डाग सहज उमटतो. हा रंग ‘पुसा नवरंग’कडून आला, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो वाण घडवताना कॅलिफोर्नियातील ‘रूबीरेड’ वापरला होता, आणि ‘रूबीरेड’चे कूळ फ्रान्सपर्यंत जाते, जेथे लुई बूशे यांनी १८२४ मध्ये रंगीत गराच्या एका जुन्या वाणाचा संकर केला व त्यांचे पुत्र आंरी यांनी पुढे ‘आलिकांत बूशे’ निर्माण केला. या कुळात, अँथोसायनिन (द्राक्षाला लाल-जांभळा रंग देणारे द्रव्य) तयार करवणाऱ्या जनुकाच्या नियंत्रक भागात डीएनएच्या ४०८ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा आलेला आढळतो, आणि त्यामुळे एरवी सालीपुरते राहणारे रंगकाम गरातही सुरू होते.

गडद रंग म्हणजे उत्तम वाइन, हा समज मात्र टिकणारा नाही. ग्रीसमधील नाऊसा येथील ‘क्सिनोमाव्रो’ची वाइन रंगाने फिकी असते आणि लवकर विटकरी होते, तरी आंबटपणा व टॅनिन, म्हणजे जिभेला जाणवणारा तुरटपणा, यांच्या बळावर ती वर्षानुवर्षे टिकते, उलट, रंगीत गराच्या वाणांची वाइन युरोपात बरीचशी इतर वाइनला रंग चढवण्यासाठीच मिसळली गेली. मांजरीच्या संशोधकांनी ‘मेडिका’ मुख्यतः रसासाठी पुढे आणला, हे म्हणूनच शहाणपणाचे वाटते. महाराष्ट्रात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांनंतर पीक उन्हाळ्याच्या तोंडावर पिकते, आणि वाढत्या उष्णतेत सालीचा रंग नीट भरत नाही. अशा हवामानात रसाच्या रंगासाठी केवळ सालीवर अवलंबून न राहणारा वाण उपयोगी पडतो. रस काढल्यावर उरलेला चोथाही रंगीतच असल्याने त्याची पूड बिस्किटांत घालता येते, आणि बियांपासून तेल निघते.