तंतुवाद्यवृंदाचे प्रत्यक्ष वादन आणि श्रोत्यांचा प्रतिसाद : टाळी, मौन आणि रोमांच

प्रस्तावना

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीस प्रथमच गेलेल्या मराठी श्रोत्याला स्वरांच्याही आधी जाणवते ती सभागृहातील शांतता. ख्यालाच्या मैफलीत सम साधली की माना डोलतात, 'वाहवा' उमटते आणि त्या दादेवर गायकाची पुढची तान खुलते. तंतुवाद्यवृंदापुढे मात्र श्रोते अर्धा-अर्धा तास निश्चल बसतात आणि एखाद्याने मध्येच टाळी वाजविली तर शेजारचे वळून पाहतात. महाविद्यालयात असा कार्यक्रम झाला की दोन अभिप्राय हमखास ऐकू येतात. विद्यार्थी गप्प राहिले तर 'त्यांना काही कळले नाही', आणि त्यांनी दोन खंडांच्या मध्ये टाळ्या वाजविल्या तर 'त्यांना शिष्टाचार ठाऊक नाही'. हे दोन्ही अभिप्राय उतावळे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे संगीताचा इतिहास, शरीरशास्त्र आणि आपले नाट्यशास्त्र या तिन्ही दिशांनी तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

वृंदाचे स्वरूप

तंतुवाद्यवृंदात पहिली व्हायोलिने, दुसरी व्हायोलिने, व्हायोला, चेलो आणि डबल बेस असे पाच विभाग असतात. सुषिर वाद्ये नाहीत, नगारे नाहीत. सर्व वाद्ये एकाच कुळातील. त्यामुळे नादरंगांची विविधता मर्यादित राहते आणि श्रोत्याचे लक्ष आपोआप नादाच्या लहानमोठेपणाकडे व स्वरसंहतीच्या बदलांकडे वळते. दहा-बारा व्हायोलिने एकच स्वर वाजवितात तेव्हा त्यांच्यात केसाएवढा फरक राहतोच. आणि त्या सूक्ष्म फरकातूनच एकट्या व्हायोलिनला न साधणारा भरदार, किंचित थरथरता नाद निर्माण होतो. सतारीचा किंवा पियानोचा स्वर छेडल्याक्षणी विरू लागतो. गजाने वाजविलेला स्वर मात्र लागल्यानंतरही वाढविता येतो. सारंगी ऐकलेल्या आपल्या श्रोत्यांना हा गुण निराळा समजावून सांगावा लागत नाही.

प्रत्यक्ष वादनात यात दृश्याचीही भर पडते. वीस-पंचवीस गज एकाच दिशेने उठताना दिसतात आणि येणारा आघात कानाआधी डोळ्यांना कळतो. हे दृश्य गौण मानता येत नाही. चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पियानोस्पर्धांचे खरे विजेते केवळ ध्वनी ऐकणाऱ्यांपेक्षा मूक चित्रफीत पाहणाऱ्यांनी अधिक अचूक ओळखले. व्यावसायिक संगीतज्ञही याला अपवाद नव्हते.

शांततेचा इतिहास

आजची शांतता ही या संगीताची मूळ प्रकृती नव्हे. १७७८ च्या जून महिन्यात पॅरिस येथे मोत्सार्टची नवी सिंफनी सादर झाली. ३ जुलै रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो कळवितो की, पहिल्या खंडात श्रोत्यांना नक्की आवडेल असा एक भाग त्याने मुद्दाम योजला होता. तो येताच वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या. शेवटच्या खंडाचा आरंभ त्याने फक्त व्हायोलिनांच्या दोन विभागांवर, अगदी हलक्या आवाजात ठेवला. श्रोत्यांनी एकमेकांना गप्प केले आणि सारा वृंद गरजताच पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. (आईच्या मृत्यूच्या दिवशीच लिहिलेले, आणि ती वार्ता वडिलांपासून दडविणारे हे पत्र आहे, ते वाचताना मन स्थिर राहत नाही.) श्रोता केव्हा टाळी देईल याचा हिशेब रचनेतच धरलेला होता, हे यावरून स्पष्ट होते.

पुढे १८१३ मध्ये व्हिएन्नात बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा खंड श्रोत्यांनी पुन्हा वाजवावयास लावला. खास तंतुवाद्यवृंदासाठी रचलेल्या चायकोव्स्कीच्या 'सेरेनेड'मधील वॉल्ट्झची १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे हीच गत झाली. आपल्या संगीत नाटकांतील 'वन्समोअर' या प्रथेहून ही प्रथा फारशी निराळी नव्हती.

मौनाचा आग्रह एकोणिसाव्या शतकात हळूहळू वाढला. मेंडेलसन याने आपल्या 'स्कॉटिश' सिंफनीचे खंड मध्ये न थांबता वाजवावेत असे सुचविले. १८८२ मध्ये बायरॉइट येथे 'पार्सिफाल'च्या वेळी श्रोते टाळ्यांबाबत इतके धास्तावले की, स्वतः वाग्नरने 'ब्राव्हो' म्हटले तेव्हा त्यालाच गप्प करण्यात आले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात हा संकेत पक्का झाला. म्हणजे ज्याला आपण प्राचीन शिष्टाचार समजून विद्यार्थ्यांना दटावतो, तो मोत्सार्टच्या काळात नव्हताच.

ग्लॉस्टरची रात्र

तथापि मौन म्हणजे कोरडेपणा, हाही समज टिकत नाही. ६ सप्टेंबर १९१० रोजी ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये व्हॉन विल्यम्स यांनी आपली 'टॅलिस फँटेशिया' ही रचना स्वतःच्या संचालनाखाली प्रथम सादर केली. एक मोठा तंतुवाद्यवृंद, दूर बसविलेला एक छोटा वृंद आणि चार एकल वादक अशी तिची मांडणी आहे. दगडी कमानींखाली एका वृंदाचा स्वर विरत असतानाच दुसऱ्याचा स्वर जणू त्याचा प्रतिध्वनी होऊन येतो. स्थळ उपासनेचे असल्यामुळे टाळ्यांचा प्रश्नच नव्हता. श्रोत्यांत हर्बर्ट हॉवेल्स आणि आयव्हर गर्नी हे दोन तरुण विद्यार्थी होते. त्या रात्री झोप न आल्याने ते ग्लॉस्टरच्या रस्त्यांवरून हिंडत राहिले. पुढे दोघेही संगीतकार म्हणून नावारूपास आले आणि हॉवेल्स यांनी ही आठवण आयुष्यभर जपली. त्या सायंकाळी कोणी सभागृहातील आवाजाची नोंद घेतली असती, तर या प्रतिसादाची तीत शून्य नोंद झाली असती.

शरीर काय सांगते

जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांकडून मिळविलेल्या माहितीत असे आढळले की, अंगावर काटा येण्याचा संबंध बहुधा स्वरसंहतीतील अनपेक्षित बदलाशी असतो, तर डोळ्यांत पाणी येण्याचा संबंध मुख्य स्वरावर विसावण्यापूर्वी क्षणभर शेजारच्या स्वरावर रेंगाळण्याशी. दुसरी गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्या गायकीतील कणस्वर पुष्कळदा तेच कार्य करतो. ब्लड आणि झटोरे यांनी २००१ मध्ये दहा संगीत शिकलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. प्रत्येकाने स्वतःला रोमांचित करणारी रचना निवडली होती. त्यांत सॅम्युअल बार्बर यांचे तंतुवाद्यांसाठीचे 'अडाजिओ' होते. रोमांचाच्या वेळी मेंदूतील सुखप्राप्तीशी निगडित भागांतील रक्तप्रवाह बदलला. याहून लक्षणीय बाब म्हणजे एकाची रोमांचक रचना दुसऱ्यासाठी तटस्थ तुलनेकरिता वापरली गेली. सारांश, काटा केवळ रचनेत नसतो. तो ऐकणाऱ्याच्या पूर्वसंचितातही असतो.

समूहाविषयीचा पुरावा अलीकडचा आहे. चाखर आणि सहकाऱ्यांनी बर्लिन येथील मैफलींत बेथोव्हेन, ब्राम्स व ब्रेट डीन यांच्या तंतुवाद्य-पंचकांचे वादन चालू असताना श्रोत्यांची हृदयगती, त्वचेची विद्युत्वाहकता, श्वसनाचा वेग व हालचाल नोंदविली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार परस्परांशी न बोलता बसलेल्या श्रोत्यांच्या या नोंदी योगायोगापेक्षा अधिक प्रमाणात एकमेकींशी जुळल्या. पाच वादकांवरून मोठ्या वृंदाविषयी ठाम विधान करणे धाडसाचे ठरेल. पण निश्चल दिसणारे सभागृह आतून निश्चल नसते, एवढे म्हणण्यास आधार मिळतो.

भरताची दोन मापे

या संदर्भात नाट्यशास्त्राचा सिद्धिविषयक अध्याय पुन्हा वाचण्यासारखा आहे. प्रयोगाच्या यशाचे भरत दोन प्रकार सांगतो. स्मित, हास्य, 'साधु', 'अहो' असे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, अंगावरची वस्त्रे व अंगठ्या कलावंताकडे टाकणे, ही मानुषी सिद्धी. रंगगृह भरलेले असून जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, ती दैवी सिद्धी. विवेचन नाट्याचे आहे, ते वाद्यवृंदास जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु दाद आणि मौन ही परस्परविरोधी नसून प्रतिसादाच्याच दोन जाती आहेत, ही दृष्टी आपल्या परंपरेला नवी नाही.

महाविद्यालयीन कार्यक्रमापुरता याचा व्यावहारिक अर्थ असा : रचनेत किती खंड आहेत हे प्रारंभी सांगावे, म्हणजे गप्प राहणे हे भीतीपोटी होणार नाही, आणि मधल्या टाळीस रागावू नये. बाहेर पडताना भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायपत्रात 'कार्यक्रम आवडला का?' या प्रश्नावर बहुतेक विद्यार्थी सौजन्याने 'होय' लिहितात. त्याऐवजी कोणत्या ठिकाणी अंगावर काटा आला, कोठे कंटाळा आला, आणि दुसऱ्या दिवशी कोणता भाग आठवला, असे विचारावे. यांतील तिसरा प्रश्न दुसऱ्या दिवशीच विचारावा लागेल.