दहा चुका, दहा मिनिटं कुलूप

पासवर्ड सतत चुकला की संगणक ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणतो. वैताग येतो खरा, पण या थांबण्यातच मोठं संरक्षण आहे.

अंदाज बांधणारा हल्लेखोर हाताने टाइप करत नाही. प्रोग्रॅम न थकता किल्ल्यांचा जुडगा चालवत राहतो. नव्याने बसवलेल्या विंडोज ११मध्ये २०२२पासून १० चुकांनंतर खातं १० मिनिटं बंद होतं. म्हणजे दिवसाला जेमतेम १,४४० प्रयत्न! आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या जुळण्या मात्र २०,८८२ कोटी. त्या सगळ्या तपासायला सुमारे चार लाख वर्षं लागतील.

पण २००९मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीच्या वापरकर्त्यांचे तीन कोटींहून अधिक पासवर्ड फुटले, त्यांत सर्वाधिक वापरलेला होता १२३४५६. हल्लेखोर अशाच याद्या आधी चालवतात. तिथे कुलूप लागण्याआधीच दार उघडतं. असे अंदाज दूरवरूनही लावता येतात; म्हणून दूरवरून संगणक वापरायची ‘रिमोट डेस्कटॉप’ सोय लागत नसेल, तर ती बंदच ठेवावी.