व्यंकटेश माडगूळकर : कूळकथा आणि रानकथा

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे साहित्य ग्रामीण कथा आणि निसर्गलेखन अशा दोन कप्प्यांत ठेवण्याची समीक्षेची सवय सोयीची असली, तरी घरातल्या माणसांकडे आणि रानातल्या प्राण्यांकडे पाहण्याची त्यांची रीत मुळात एकच होती, ही गोष्ट त्या विभागणीत झाकली जाते.

त्यांचे माडगूळ हे गाव माणदेशात, म्हणजे माण नदीकाठच्या अवर्षणग्रस्त मुलखात येते. पूर्वीच्या औंध संस्थानातील आणि आताच्या सांगली जिल्ह्यातील या भागात पाऊस बेभरवशाचा असल्यामुळे शेतीइतकाच मेंढरांचा आधार मोलाचा ठरतो. वडील संस्थानच्या नोकरीत होते, तरी खाणारी तोंडे अनेक आणि मिळकत तोकडी, असे ते घर होते, कवी ग. दि. माडगूळकर हे याच घरातले थोरले बंधू. १९४२ च्या चळवळीच्या काळात शाळा सुटलेल्या धाकट्या भावाने इंग्रजी स्वतःच्या प्रयत्नाने शिकून परदेशी लेखक वाचले, आणि ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या व्यक्तिचित्रांत मात्र आपल्याच गावची माणसे उभी केली. ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण शिक्षकाच्या डोळ्यांदेखत दुष्काळाने वाडी ओस पडते. येथे निसर्ग हा देखावा नव्हे, पाऊस न पडणे हीच कथेतली सर्वांत मोठी घटना आहे.

माडगूळकर मूळचे शिकारी. प्राण्याचा माग काढताना जडलेली धीराने पाहण्याची सवय पुढे बंदूक बाजूला पडल्यावरही टिकली, आणि विदर्भातील नागझिऱ्याच्या जंगलातील मुक्कामातून ‘नागझिरा’ हे पुस्तक सिद्ध झाले. वानरांच्या टोळीवरील ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या अनेक टोळ्यांत एकच प्रौढ नर सत्ता गाजवतो. बाहेरचा नर त्याला हुसकावून टोळी ताब्यात घेतो, तेव्हा तो पुष्कळदा आधीच्या नराची तान्ही पिल्ले मारतो, कारण पिल्लू गेल्यावर मादी लवकर माजावर येते, असे एक शास्त्रीय स्पष्टीकरण आहे. युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ आणि सारा हर्डी यांनी पुढे अबूच्या परिसरात असे प्रकार अभ्यासले होते. माडगूळकरांचे वेगळेपण असे की, हे क्रौर्य मांडताना ते वानरांना माणसाची नीती चिकटवत नाहीत आणि त्यांच्यावर रूपकाचे ओझेही लादत नाहीत. राजकारणाचा अर्थ काढायचा तर तो वाचकाने आपल्या जबाबदारीवर काढावा.

त्याच सुमारास आलेली ‘करुणाष्टक’ ही त्यांच्या कुटुंबाच्या, विशेषतः आईच्या, आयुष्यावर बेतलेली कादंबरी. मराठीत आईवर लिहिताना लेखणी सहसा पाघळते. येथे मात्र दारिद्र्यात मुले जगवणारी बाई तिच्या हालचालींतून, हिकमतींतून आणि हट्टांतून दिसते, आणि लेखक स्वतः तिच्या अनेक लेकरांपैकी एक एवढ्याच नात्याने कडेला उभा राहतो. निसर्गलेखनाच्या यादीत हे पुस्तक सहसा कोणी धरत नाही, तरी ‘सत्तांतर’पाठोपाठ ते वाचले की दोन्हींकडे पाहणारी नजर तीच असल्याचे लक्षात येते.