भरलेल्या पोटऱ्या, दुबळे स्नायू

शरीरबळाला कोल्हापुरात जे सामाजिक मोल आहे, ते फार थोड्या शहरांत आढळते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींच्या लाल मातीत पिढ्यान्‌पिढ्या मल्ल घडत आले. त्यामुळे अशक्त मुलाला तालमीत घालावे, दूध-तूप-बदाम खाऊ घालावेत, म्हणजे त्याचे अंग भरेल, असा सल्ला येथे सहज दिला जातो. बहुतेक मुलांना तो मानवतोही. परंतु ज्या मुलाच्या अशक्तपणाचे मूळ स्नायूंच्या आजारात आहे, त्याच्यासाठी जोर-बैठकांचा मारा अपायकारक ठरतो.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा अशा आजारांपैकी मुलग्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा आनुवंशिक आजार असून जगभरात साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. स्नायूच्या तंतूचा आतला सांगाडा आणि त्याचे बाहेरचे आवरण यांना जोडून ठेवणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे स्नायू आकुंचन पावताना प्रत्येक वेळी आवरणाला इजा होते, तंतू मरत जातात आणि त्यांची जागा चरबी व तंतुमय ऊतक घेते. याच भरतीमुळे पोटऱ्या टणक आणि भरदार दिसतात. पैलवानी पोटऱ्यांचे कौतुक असलेल्या गावात हे लक्षण बळाचे चिन्ह वाटावे, यात नवल नाही; मात्र तेच मूल जमिनीवरून उठताना आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर आणि मांड्यांवर टेकवत स्वतःला वर ढकलत असेल, जिना चढताना कठडा धरत असेल, वारंवार पडत असेल, तर तपासणी लांबवू नये.

पहिली तपासणी साधी आहे. इजा झालेल्या स्नायूंतून क्रिएटिन कायनेज नावाचे विकर रक्तात झिरपते आणि या आजारात त्याचे प्रमाण सामान्यापेक्षा कित्येक पटींनी वाढलेले आढळते. यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एसजीओटी व एसजीपीटी ही विकरेही स्नायूंत असतात, म्हणून तीही वाढतात, आणि केवळ तेवढाच अहवाल पाहिला तर मुलावर महिनोन्‌महिने यकृताचे उपचार चालू राहण्याची शक्यता असते. निश्चित निदान जनुकीय चाचणीने होते.

कारणाबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज नात्यातल्या विवाहाविषयी आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी जुनी आहे. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावरच होणाऱ्या आजारांचा धोका, उदाहरणार्थ खांदे व कंबरेचे स्नायू दुबळे करणाऱ्या लिंब-गर्डल डिस्ट्रॉफीच्या अनेक प्रकारांचा धोका, अशा विवाहांमुळे खरोखरच वाढतो. ड्युशेनचे जनुक मात्र एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे नात्यातल्या विवाहाने त्याचा धोका वाढत नाही; आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. म्हणून सुनेच्या माहेराला बोल लावणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ते शास्त्रालाही धरून नाही.

प्रौढ वयात येणारी दुर्बलता पुष्कळदा वेगळ्या वाटेने येते. थायरॉइडचे विकार, रक्तातील पोटॅशियमची घट, ड जीवनसत्त्वाची कमतरता, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे, दारू, तसेच शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्नायूंवर उलटणे ही त्याची काही कारणे असून यांपैकी अनेकांवर उपचाराने मोठा फरक पडतो. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडमुळे स्नायू दुबळे होतात. तरीही ड्युशेनमध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेले तेच औषध मुलाचे चालणे काही वर्षे टिकवते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांमध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी पालकांनी मूल चाकाच्या खुर्चीला खिळेपर्यंत थांबू नये. हलके नियमित व्यायाम, सांधे आखडू नयेत यासाठी फिजिओथेरपी, आणि हृदय व श्वसन यांच्या ठरावीक तपासण्या हा या मुलांच्या देखभालीचा गाभा आहे. वाहक ठरलेल्या आईच्याही हृदयाचे स्नायू कमकुवत होऊ शकतात, त्यामुळे तिची हृदयतपासणीही त्याच यादीत असायला हवी.