डेंग्यू आणि दान मिळालेले मूत्रपिंड

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ साली झाला, तेव्हा हा मुलूख व नागपूर एकाच मध्यप्रदेश राज्यात होते. विदर्भातील कित्येक मराठी कुटुंबे त्यानंतर नोकरीनिमित्त येथे आली व येथलीच झाली. कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर ६ मध्ये काय किंवा अन्यत्र काय, कडक उन्हाळ्यामुळे घरोघरी खिडकीला कूलर असतो. आषाढ लागला की त्याची गरज सरते. टाकीतले पाणी मात्र तसेच राहते.

२०१८ च्या पावसाळ्यात दुर्ग-भिलाई परिसरात डेंग्यूची मोठी साथ आली. अनेक जीव गेले. खुर्सीपारसारख्या दाट वस्तीला तिची झळ विशेष बसली. अशा साथीत ज्या घरी मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेला माणूस असेल, त्या घराने अधिक सावध राहावयास हवे.

ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी झाली ती १९५४ साली बोस्टन येथे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली प्रयत्न झाला, पण रोगी वाचला नाही. १९७१ साली वेल्लोरला यश आले. आपल्याकडे मूत्रपिंड देणारी बहुधा घरातलीच व्यक्ती असते, आणि त्यातही आई किंवा पत्नी. (पुरुष दाते अजून थोडेच, हे नमूद करणे भाग आहे.)

हे दान शरीर आपले मानीत नाही. त्याने ते झिडकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. शरीराचा पहारेकरीच त्यांनी अर्धवट निजविलेला असतो. म्हणून अशा रोग्यास डेंग्यू झाला तर ताप पुष्कळदा सौम्य असतो, आणि घरची माणसे निर्धास्त राहतात. पांढऱ्या पेशी उतरल्या तर तो डेंग्यूचा परिणाम की मायकोफेनोलेटचा, असा पेच वैद्यांपुढे पडतो. प्रतिपिंडेही उशिरा तयार होऊ शकतात. तेव्हा तेवढ्याच तपासणीवर विसंबून चालत नाही, विषाणूचा अंश शोधणारी एन.एस.१ तपासणी आरंभीच्या दिवसांत करावी लागते.

पाण्याचा प्रश्न तर फारच नाजूक. डेंग्यूत रक्तातील द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो. पाणी कमी पडले तर एकुलते मूत्रपिंड सुकते. अधिक झाले तर फुप्फुसांत साचते. रक्तातील क्रिएटिनिन वाढते. बहुतेकांचे आजार सरल्यावर खाली येते, सर्वांचे येतेच असे नाही. ताप उतरला त्या दिवशी घरात हायसे वाटते, पण धोक्याचा काळ नेमका तोच असतो. पोटात कळा, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालय गाठावे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या अशा रोग्याला देऊ नयेत. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत. प्रत्यारोपणाची औषधे आपल्या मनाने बंद करणे तितकेच घातक; ती कमी करावयाची की नाही, हे प्रत्यारोपणाचे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीने मायेने आणून दिलेला पपईच्या पानांचा रसही त्यांना विचारल्यावाचून घेऊ नये.

लशीचा आधार येथे नाही. डेंग्यूच्या प्रचारात असलेल्या लशी जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या असल्याने अशा रोग्यांना त्या देत नाहीत. क्वचित दात्याच्या मूत्रपिंडातूनही विषाणू येतो. म्हणून दात्यास नुकताच ताप येऊन गेला असेल तर तो लपवू नये, शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.

उरतो तो डास. एडिस दिवसा चावतो. रात्रीची मच्छरदाणी त्यास पुरी पडत नाही. अंड्यापासून डास व्हावयास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतणे आवश्यक. परंतु मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठाशी, टाकीच्या ओलसर भिंतीवर, आणि ती तेथे घट्ट चिकटतात. टाकी नुसती उपडी न करता काथ्याने वा ब्रशाने घासून कोरडी करावी. कुंड्यांखालच्या बशांचेही तेच. घासावयाचे राहिले तर ही अंडी कोरड्या पत्र्यावर कित्येक महिने टिकतात, आणि पुढच्या चैत्रात कूलरमध्ये पाणी भरले की फुटू शकतात.