गोधडी, पुस्तक आणि रिकामे हात

त्या आजी तिसऱ्यांदा ओपीडीत आल्या, तोवर त्यांची फाईल चांगलीच जाड झाली होती. वय ६७. तक्रारी त्याच : रात्री झोप नाही, छातीत धडधड, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही. ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड सगळं तपासून झालं होतं आणि सगळं ठीक होतं. आधीच्या दोन्ही वेळा मी त्यांना व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती. सरकारी रुग्णालयात एकेका माणसाला चार-पाच मिनिटं मिळतात हे खरं असलं, तरी चूक माझीच होती.

त्या दिवशी मात्र विचारलं, ‘आजी, दिवसभर काय करता?’

‘काय करनार बाई? बसते. ही काई करूच देत न्हाई.’

शेजारी उभी असलेली सून ओशाळली. ‘आयुष्यभर राबल्यात हो, आता तरी आराम मिळावा म्हणून...’

हळूहळू बाकीचं समजलं. आठ महिन्यांपूर्वी यजमान गेले. मुलाने आईला गावाकडून शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. गावी घरकाम, शेत आणि दुपारी गोधड्या. अख्ख्या आळीतल्या बाळंतिणींची दुपटी आजींच्या हातची. ‘मग आता का नाही शिवत?’ यावर उत्तर आलं, ‘मनच लागत न्हाई.’

डॉक्टरच्या दृष्टीने हे उत्तर महत्त्वाचं. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत दोन आठवड्यांहून अधिक काळ मन न लागणं, बहुतेक वेळ उदास वाटणं, झोप आणि भूक बिघडणं ही नैराश्याची लक्षणं आहेत. म्हातारपणी ते ‘मला दुःख होतंय’ असं बोलून येत नाही. धडधड, अंगदुखी, अशक्तपणा अशा वेषात येतं. आजींना मानसोपचार विभागात पाठवलं, औषधं सुरू झाली. काही आठवड्यांनी झोप सुधारली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आणि मी मिळून सुनेला सांगितलं : ‘घरातल्या जुन्या सुती साड्या काढा आणि त्यांना सुईदोरा आणून द्या.’

आधी काम, मग मन

‘मन लागलं की काम सुरू करीन’ असं आपण म्हणतो. नैराश्यात हा क्रम उलटा करावा लागतो. रोज ठरलेल्या वेळी, थोडंसं, पूर्वी आवडणारं काम मन नसतानाही सुरू करायचं. मन हळूहळू मागून येतं. मानसोपचारात ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. आजींना पहिल्या आठवड्यात दिवसाला फक्त पंधरा मिनिटं सांगितली होती. पहिले दोन दिवस त्या नुसत्या चिंध्या चाळत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला कात्री मागितली.

एक स्पष्ट सांगते. गोधडीने नैराश्य बरं झालं असं मी म्हणत नाही. औषधं चालूच होती आणि ती लागतातच. पण औषधाने मिळालेली उभारी रोजच्या जगण्यात टिकवायला काहीतरी हाताशी लागतं. आजींच्या बाबतीत ते गोधडीने केलं.

गोधडी शिवताना डोकं काय करतं?

गोधडीला आपण उगाच साधं काम समजतो. आधी कपडे निवडायचे. बटणं, चेन, कॉलर, जाड शिवणी कापून टाकायच्या. कुठलं कापड मऊ पण विरलेलं आणि कुठलं अजून दमदार, हे बोटांनी ओळखायचं. विरलेलं आत, दमदार वर. मग जमिनीवर अस्तर ताणून अंथरायचं, त्यावर थर लावायचे, एकही चुणी राहू द्यायची नाही. मोठे कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि कडेपासून आत चौकोनी फेऱ्या घेत धावदोरा घालत यायचं. प्रत्येक टाका सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे. वरून तुकडे जोडायचे असतील तर आणखी हिशेब : लांबी, रुंदी, कोपरे, रंगाशेजारी रंग.

यात नियोजन, मापं, आठवण, डोळे आणि बोटं यांचा मेळ, चूक सापडली की उसवण्याचा संयम, असं सगळं लागतं. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६० ते ९० वयाच्या २२१ व्यक्तींचे गट पाडले. काहींना तुकड्यांच्या गोधड्या शिवायला शिकवलं, काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही. आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने. तुलनेसाठी एका गटाने एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ केले, तर आणखी एका गटाला घरी करण्याजोगे हलकेफुलके उद्योग दिले. नवं आणि कठीण काही शिकणाऱ्यांची घटना-प्रसंगांची स्मृती इतरांपेक्षा सुधारली.

मात्र ही सुधारणा सर्वांत ठळक दिसली ती फोटोग्राफी शिकणाऱ्यांत, नुसत्या गोधडीवाल्यांत नव्हे. कॅमेरा आणि संगणक या वयाच्या लोकांना पुरते नवे होते, त्यामुळे मेंदूला जास्त झटावं लागलं असावं. यातून आपण घेण्यासारखं एवढंच : मेंदूला फायदा होतो तो नवं शिकण्याच्या कष्टाचा. चाळीस वर्षं तोच धावदोरा घालणाऱ्या बाईने एखादी नवी नक्षी घ्यावी, शिलाई मशीन शिकावं किंवा नातवाकडून मोबाईलवर गोधड्यांचे फोटो काढायला शिकावं. ज्याने कधी सुई धरलेली नाही, अशा निवृत्त आजोबांना साधी गोधडीही पुरेशी अवघड आहे. पुरुषांनी शिवू नये, असं कुठल्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेलं नाही.

हातात सुई, कानावर पुस्तक

आजींच्या इमारतीतल्या आणखी तिघी-चौघी दुपारी येऊन बसू लागल्या. त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सुई दिसेना, म्हणून त्यांनी वाचायचं ठरवलं. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी शिवता शिवता ऐकायचं. श्रावणात एकीने पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी वाती वळत ऐकायचं, हे आपल्याकडे होतंच. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात केली. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या बाईने लिहिलेलं ते आत्मचरित्र. आमच्या आजींना वाचता येत नाही, पण ‘काल कुठवर आलो होतो’ हे सर्वांना त्याच सांगतात.

वाचनाबद्दलही अभ्यास आहेत. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली आलेल्या अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींवर सरासरी पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली पन्नाशीपुढच्या ३,६३५ अमेरिकनांची माहिती मांडली. पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये पुढच्या बारा वर्षांत मृत्यूची जोखीम न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी होती. वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचण्याचा फायदा पुस्तकांपेक्षा कमी दिसला. वर्तमानपत्रात हे लिहिताना जरा अवघड वाटतं आहे, पण लपवणं बरं नव्हे.

अशा अभ्यासांची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. वाचणारी माणसं बहुधा जास्त शिकलेली, बऱ्या परिस्थितीतली असतात. ज्याचा मेंदू आतून थकू लागला आहे, तो आधी वाचन सोडतो. संशोधकांनी याचा हिशेब धरला होता, तरी ‘पुस्तकामुळे आयुष्य वाढतं’ असं ठामपणे म्हणता येत नाही. त्याची गरजही नाही. चांगलं पुस्तक आनंद देतं आणि त्याचा दुष्परिणाम मी अजून पाहिलेला नाही.

दान करताना

चार महिन्यांनी आजी एक गाठोडं घेऊन आल्या. आत लहान बाळांची बारा दुपटी. ‘तुमच्या बाळंतिणींना द्या.’ मला आनंद झाला आणि मी तशीच ती प्रसूती विभागात घेऊन गेले. तिथल्या सिस्टरांनी एकेक दुपटं हातांनी दाबून पाहिलं. नवव्या दुपट्यात मोडलेल्या सुईचं टोक निघालं. मी गप्प झाले. प्रेमाने दिलेली वस्तूही तपासून घ्यावी लागते, हे मला त्या दिवशी सिस्टरांनी शिकवलं.

नवजात बाळाला ऊब ही चैन नसते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, त्वचेखाली चरबी थोडी आणि थंडी वाजली तरी मोठ्या माणसासारखं कुडकुडून उष्णता तयार करता येत नाही. त्याचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) वजनाची नोंद झालेल्या दर शंभर बाळांपैकी सुमारे १८ बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. अशी बाळं फार लवकर गार पडतात.

त्यांच्यासाठी सर्वोत्तम पांघरूण म्हणजे आईची उघडी छाती. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली सुरू झालेली ‘कांगारू मातृ सेवा’ ती हीच. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्यानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं गेलं. पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होतं, या बाळांमध्ये ते १२ टक्के राहिलं. दुपट्याचं काम आईच्या कुशीनंतरचं : बाळाच्या पाठीवरून घ्यायला, अंघोळीनंतर गुंडाळायला, मांडीवर अंथरायला.

म्हणून रुग्णालयाला काही द्यायचं असेल, तर आधी तिथल्या सिस्टरांना विचारा. त्यांना काय चालतं आणि काय लागतं, ते त्यांनाच ठाऊक असतं. बाळासाठी दोन पदरी, पूर्ण सुती, मऊ दुपटं शिवा. बटण, टिकली, लेस, लोंबती नाडी नको. शिवायला बसताना आणि उठताना सुया मोजा. शस्त्रक्रिया संपवताना आम्हीही सुया आणि कापडाच्या घड्या मोजतो, कारण तेच. गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, स्वच्छ पिशवीत बांधून द्या.

आणि ज्यांना द्याल त्यांना हेही सांगा : वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना तोंडावर पांघरूण घेऊ नये, जाड मऊ गोधडी अंगाखाली घालू नये, सैल पांघरुणं भोवती ठेवू नयेत. बाळ पाठीवर, घट्ट सपाट अंथरुणावर, चेहरा उघडा ठेवून झोपवावं. श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे. जाड गोधड्या मोठ्यांसाठी : वृद्धाश्रमात, ऊसतोड कामगारांच्या खोपीत, वॉर्डाबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना.

शिवणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी जपायचं

दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला, मान मोकळी करा. जमिनीवर बसून गुडघे दुखत असतील, तर टेबलावर शिवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दबली असू शकते. काम थांबवून दाखवून घ्या. सुईत दोरा ओवता येईना किंवा पुस्तक हातभर लांब धरावं लागत असेल, तर चष्मा आणि मोतीबिंदू तपासा. डोळ्यांवर ताण देऊन रेटू नका. मधुमेहींनी विशेष काळजी घ्यावी. बोटांची, तळपायांची संवेदना कमी झाली असेल, तर टोचलेली सुई कळत नाही. जमिनीवर पडलेल्या सुईने झालेल्या जखमा पुढे चिघळलेल्या मी पाहिल्या आहेत. शिवताना टोपण वापरा, घरात चप्पल घाला.

घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या बाईला तुकडे कसे जुळवायचे ते सुचेनासं झालं किंवा वाचणाऱ्या माणसाला मागचं पान आठवेनासं झालं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. नुसतीच इच्छा गेली असेल, तर नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगला उपचार आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

आजी गेल्या महिन्यात येऊन गेल्या. रक्तदाब ठीक, झोप ठीक, एक औषध कमी झालं आहे. गाठोड्यात सात दुपटी होती. ‘मोजल्या सुया, समद्या हायेत,’ त्यांनी मी विचारायच्या आत सांगितलं. मग सुनेकडे बघत म्हणाल्या, ‘हिला पन शिकवतीया. लई तिरपे टाके घालती.’

सून हसली. ‘आराम नको म्हणतात हो आता,’ ती म्हणाली. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या साड्या बोहारणीला देण्याआधी आपल्या घरातल्या ज्येष्ठांना एकदा विचारा, यातलं त्यांना काही हवं आहे का.