रील्स बघून इंग्रजी येतं का? फोनचा खरा वापर असा करा

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी रोज तासभर यूट्यूबवर इंग्रजी शिकवणारे व्हिडिओ बघायचो. सगळं समजायचं. मग पुण्यात पहिला इंटरव्ह्यू झाला. 'स्वतःबद्दल सांगा' एवढंच इंग्रजीत विचारलं होतं. उत्तर मनात तयार होतं, पण दोन वाक्यांपुढे तोंडच उघडेना. नोकरी गेली.

चुकलं कुठे?

ऐकून समजणं वेगळं आणि वेळेवर शब्द आठवून बोलणं वेगळं. व्हिडिओ बघून सराव होतो तो फक्त पहिल्याचा. यूट्यूब असो की इन्स्टाग्राम, तुम्ही कशावर किती वेळ थांबता, काय लाईक करता यावरून ॲप पुढचा व्हिडिओ दाखवतं. तुम्हाला बोलता येतं का, हे त्याला कळत नाही.

आपल्या सोलापूरचंच बघा ना. पूर्व भागात वाढलेली मराठी पोरं तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडची कन्नड. कुणी क्लास लावला होता? मित्र बोलला, यांनी मोडकंतोडकं उत्तर दिलं, झालं!

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि व्हिडिओ कॉलवरून इतर देशांतल्या वर्गांशी संपर्क साधला. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. स्क्रीनच्या पलीकडे माणूस असला की फरक पडतो.

मग करायचं काय?

१. क्रिकेट, बाईक, कोडिंग, जे आवडतं त्यावरचा २-३ मिनिटांचा एकच इंग्रजी व्हिडिओ निवडा.

२. आधी तसाच ऐका. मग 'सीसी' चालू करून स्पीड ०.७५ ठेवा. ऑटो कॅप्शन मशीन लिहितं, त्यामुळे चुका असतात. शंका आली तर डिक्शनरी बघा.

३. एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणा.

४. व्हिडिओ बंद करा आणि त्यात काय होतं ते एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये मित्राला इंग्रजीत सांगा. त्यानेही उलट पाठवायची.

चौथी पायरी सगळ्यात अवघड. मी नेमकी तीच टाळत होतो. आणि हो, 'सात दिवसांत फाडफाड इंग्रजी' असं म्हणणाऱ्या कोर्सला पैसे देऊ नका.

मी आणि माझ्या रूममेटने तीन महिने रोज अशा नोट्स पाठवल्या. नंतरच्या इंटरव्ह्यूतही व्याकरण चुकलं, पण मी थांबलो नाही. नोकरी मिळाली. पहिली नोट अजून जपून ठेवलीय, ऐकली की हसू येतं. तुमची पहिली नोट आजच पाठवा.